माशांचं सोयर

मासे विकणारा माणूस 'हा आजारी आहे, नेऊ नका' असं कधी म्हणत नाही. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला मी दोष देत नाही. दोष माझा. पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय, परजीवी म्हणजे काय ते आठवीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून समजावतेय, आणि दोन वर्षांपूर्वी दुकानदार "एकदम फ्रेश पीस आहे मॅडम" म्हणाला तेव्हा पिशवी फोडून तो निळा मासा थेट घरच्या टाकीत सोडून मोकळी झाले. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. पुढच्या दहा दिवसांत टाकीतले सात मासे गेले. रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी टाकीत बघायचं आणि मेलेला काढायचा, असं चाललं होतं. शेवटी राहिली ती एकच.

ती म्हणजे आमची थोरली. केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, क्लाउन जातीची मादी. ती टाकीबरोबरच घरात आली होती. माझे यजमान खालापूर तालुक्यातल्या फार्महाउसांची विजेची कामं बघतात. त्यातल्या एका मालकाने फार्महाउस विकलं आणि जाताना ह्यांना म्हणाला, ही टाकी न्या, नाहीतर फोडून टाकतो. ह्यांनी चार फुटी काच, दगड, पंप आणि बादलीत दोन मासे असं सगळं टेंपोत घालून कर्जतला, भिसेगावात आणलं. मी नको म्हणत होते. समुद्राचे मासे आणि कर्जत, ह्यांचा काही संबंध तरी आहे का? पण आठवडाभरात मीठ किती, खारटपणा कसा मोजायचा, हे मीच वाचत बसले, आणि मग ह्यांनी टाकीतून अंग काढून घेतलं ते आजतागायत. मध्ये पडत नाही म्हणतात. मध्ये न पडण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

टाकी हॉलमध्ये आहे आणि तिच्यासमोर सासूबाईंची खुर्ची आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गावची भातशेती दिराकडे आहे, त्या गुडघे गेल्यापासून आमच्याकडे असतात. टीव्ही त्यांना आवडत नाही, "सगळ्या नटून भांडतात" म्हणतात. त्या थोरलीकडे बघत बसतात. काचेवर बोट ठेवलं की थोरली वरून खाली झपकन येते आणि बोटाच्या मागे मागे फिरते. माझ्या बोटाला येत नाही. खायला मी घालते, पाणी मी बदलते, आणि ओळख त्यांच्याशी.

बाकीचे मासे गेल्यावर थोरलीचा महिनाभर औषधोपचार मी एकटीने केला, मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवली, आणि तिला परत आत सोडलं. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ती एवढ्या मोठ्या टाकीत एकटी. सासूबाईंचं रोज एकच पालुपद.

"एकटी हाय गं बिचारी. तिला कोनतरी आन."

मी आणत नव्हते. भीती वाटत होती, हे खरं कारण. थोरली माझ्या घाईतून वाचली होती, दुसऱ्यांदा तिला मी घाईत घालवली असती तर माझं मला तोंड दाखवता आलं नसतं. शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मनाचा हिय्या केला. एक छोटा क्लाउन आणि दोन निळे डॅमसेल, बोटाएवढे. ह्या वेळी मात्र सगळं शास्त्राप्रमाणे. आधी वेगळी टाकी, वेगळं औषध, पूर्ण तीस दिवस, आणि मगच थोरलीच्या शेजारी.

हे तीस दिवस कशासाठी, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा माझा संताप उगाच वाटेल. तो पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत घुसून बसलेला किडा. तो खाऊन-पिऊन मोठा झाला की गळून पडतो. अंग स्वच्छ दिसतं. आपण खूश होतो. तो मात्र तळाला जाऊन कोष करतो, कोषात एकाचे शेकडो होतात, आणि ते बाहेर पडून परत माशाला शोधत पोहतात. औषध लागू पडतं ते फक्त ह्या पोहणाऱ्यांना. कातडीतला सुरक्षित, कोषातला सुरक्षित. म्हणून औषध इतके दिवस पाण्यात सारखं, एकाच प्रमाणात ठेवायचं, म्हणजे जो जो बाहेर पडेल तो तो मरेल. आणि औषध कोणतं, तर तांबं. कमी झालं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. मोठ्या टाकीत घालायची सोय नाही, कारण तिथले दगड तांबं शोषून घेतात आणि गोगलगाई, कोळंबी एका दिवसात मरतात.

म्हणून मी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, दोन फुटी टाकी मांडली. तळाला वाळू नाही, दगड नाही. एक हीटर, एक बुडबुड्यांचा स्पंज आणि लपायला प्लंबरकडून आणलेले पीव्हीसी पाईपचे दोन तुकडे. सासूबाई काठी टेकत बघायला आल्या.

"मोरीच्या पायपात ठेवलंस गं त्यांना?"

"नवा पाईप आहे आई."

"नवा असला तरी मोरीचाच ना. आनि ह्ये निळं काय टाकतेस?"

"तांब्याचं औषध."

"म्हंजे मोरचूद. बागंत फवारतात तो."

"तसंच काहीतरी. पण मोजून."

त्यांनी मान हलवली. आणि इथे मला कबूल करायला हवं, की वेगळं ठेवणं म्हणजे काय हे त्यांना जितकं चटकन कळलं तितकं कुणालाच कळलं नाही. शाळेतल्या माझ्या सहकारी म्हणाल्या, मासे तर छान दिसतायत, औषध कशाला? ह्यांनी पहिल्याच दिवशी बाल्कनीतली जाळी उचलून हॉलच्या टाकीत बुडवायला नेली. सासूबाई खुर्चीतून ओरडल्या, "अरं ठेव ती! त्यांची जाळी त्यांना, हिची हिला!" त्यांनीच बाल्कनीतल्या मगाला लाल दोरा बांधून घेतला. बाल्कनीतून कुणी हॉलमध्ये आलं की आधी हात धू म्हणून मागे लागायच्या.

"सोयरच हाय म्हन की ह्ये," त्या मला म्हणाल्या. "बाळ जन्मलं की घरात सोयर पाळतात तसं."

मला ती तुलना आवडली. मी हसले आणि हो म्हटलं. त्या वेळी तिथेच बसून नीट समजावून सांगितलं असतं तर हा सगळा मनस्ताप टळला असता. पण काम होतंय ना, मग कशाला खोलात जा, असं वाटलं.

पहिल्या तीन दिवसांत माझ्या नाकी नऊ आले. औषधाने पाणी साफ करणारे चांगले जिवाणूही कमजोर होतात, त्यामुळे माशांच्या विष्ठेचा अमोनिया वाढतो. म्हणून रोज पाणी बदला. पाणी बदललं की औषध कमी, म्हणून परत मोजून घाला. परत मोजायचं म्हणजे काचेच्या छोट्या नळीत पाणी, त्यात थेंब, आणि जो रंग येईल तो कागदावरच्या रंगांशी ताडून बघायचा. ट्यूबलाइटमध्ये वेगळा दिसतो, उन्हात वेगळा. मी नळी घेऊन खिडकीशी उभी आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई विचारतायत, कुणाची लघवी तपासताय?

आणि रंग फिकट येत होता. चौथ्या दिवशी फिकट, पाचव्या दिवशी त्याहून फिकट. मी हिशेबाने औषध घालायचे, दुसऱ्या दिवशी परत पहिले पाढे पंचावन्न. थेंब जुने झाले म्हणून नवी पेटी मागवली. तीही फिकट दाखवायला लागली. मीठ बदललं. हीटर तपासला. मी स्वतःला विज्ञानाची शिक्षिका म्हणवते आणि दोन फुटी डबक्यातलं तांबं कुठे जातंय ते मला सापडत नव्हतं. आठव्या दिवशी वैतागून तळ साफ करायला घेतला आणि पाईप उचलला, तर आतून खडखड आवाज आला. तिरका केला. आतून तिसऱ्यांची शिंपलं बाहेर पडली. दहा-बारा. दुसऱ्या पाईपात आणखी तेवढीच.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला पेणहून येणाऱ्या बाईकडून तिसऱ्या घेतल्या होत्या. त्यांचं सुकं केलं होतं, मीच.

"आई! ही शिंपलं टाकीत कुणी घातली?"

"मी घातली. चांगली तीन पान्यांनी धुवून घातली."

"पण का?"

"पायपात गुळगुळीत लागतंय त्यांना. समुद्राची लेकरं ती, त्यांना समुद्राचं कायतरी नको?"

शिंपला म्हणजे चुना. चुना तांबं ओढून घेतो. म्हणजे सात दिवस मी औषध माशांना नाही, रविवारच्या जेवणाच्या उष्ट्याला पाजत होते. मी डोक्याला हात लावून तिथेच मशीनवर बसले. रागवायचं तरी कसं, त्यांनी तीन पाण्यांनी धुतली होती. मी फक्त एवढंच म्हणाले की आई, ह्या टाकीत आता कुणी काही घालायचं नाही, आणि दिवस परत पहिल्यापासून मोजायचे.

"परत पैल्यापासून?"

"हो. आज पहिला दिवस."

"असं कुठं असतं गं," त्या म्हणाल्या. "सोयर एकदा धरलं की दिस पुढंच जातात. मागं येत नायत."

मी नळी घेऊन खिडकीकडे वळले. रागात होते, आणि औषध मोजायचं होतं. शिंपलं गेल्यावर रंग हवा तसा आला आणि टिकला. चार दिवस ओळीने टिकला. मला जरा हायसं वाटलं.

पाचव्या दिवशी शाळेतून फोन, निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण आहे, खालापूरला, दहा वाजता. सुट्टीत. सुट्टीत शिक्षकाला बोलावलं नाही तर सरकारला झोप लागत नसावी. माझा दिवस पाचवा असला तरी मासे घरात आल्याचा तो बारावा दिवस होता. ते माझ्या डोक्यातही नव्हतं. मी स्कूटर काढली आणि चौक गावावरून खालापूरला गेले. दिवसभर एका सभागृहात बसून, मागच्या वर्षी शिकवलेलं तेच परत शिकले. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई टाकीसमोर बसलेल्या, तोंडभर हसू.

"बघ," म्हणाल्या.

थोरलीच्या शेजारी छोटा क्लाउन थरथरत होता, ही जात मोठ्या मादीपुढे तशीच थरथरते, मान देते. दोन्ही निळे दगडामागून डोकावत होते.

मी टाकीसमोर उभी. पर्स हातात तशीच.

"बारा दिस झाले ना आज, सोयर फिटलं. म्हटलं, आता कशाला ठेवायचं? ठिपका एक नाय अंगावर, मी चश्मा लावून बघितलं. आनि तसंच नाय सोडलं हां. कोमट पान्यानं न्हाऊ घातलं आधी तिघांना."

ह्यांच्याकडे बघितलं. ते पेपरात. "मी मध्ये पडलो नाही," म्हणाले.

गोड्या पाण्याची आंघोळ हाही खरंतर एक उपचार आहे, थोडे किडे त्याने गळतात, म्हणजे माउलीने नकळत एक गोष्ट बरोबर केली होती. पण पाच दिवसांचं औषध ते पाच दिवसांचंच. मी लगेच तिघांना परत काढायला जाळी घातली. तुम्ही दगडांनी भरलेल्या चार फुटी टाकीतून बोटाएवढा निळा मासा जाळीत पकडून बघा. दीड तास मी खांद्यापर्यंत हात भिजवून खेळ केला, मासे दगडाच्या भोकात, आणि थोरली घाबरून कोपऱ्यात धापा टाकतेय. सगळे दगड बाहेर काढल्याशिवाय ते हाती लागणार नव्हते, आणि तिला तेवढा धक्का द्यायचा धीर मला झाला नाही. शेवटी थांबले. म्हटलं, कदाचित किडे नसतीलही. कदाचित दुकानदार ह्या वेळी खरं बोलला असेल. माणूस थकला की स्वतःशी असंच खोटं बोलतो.

ते तिघं टाकीत आल्याच्या सहाव्या दिवशी थोरलीच्या कल्ल्याशी तीन ठिपके होते. संध्याकाळपर्यंत मोजता येईनात.

मला तो क्षण नीट आठवतो, कारण पुढे मी जे बोलले ते मला परत घेता आलेलं नाही. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी टाकीसमोरून उठले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"माझे चार दिवस बरे पाळलेत! एक दिवस तरी कमी केलात का कधी? माशांची बरी दया आली!"

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही गावच्या घरी होतो. महिन्याचे चार दिवस मी पडवीत. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी गोधडी. बी.एस्सी. झालेली मुलगी, भिंतीला टेकून आतली भांडी वाजताना ऐकत बसायची. एकदा चौथ्या दिवशी सकाळी माझी शाळेत मुलाखत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी उंबऱ्याबाहेरून विचारलं, आज न्हाऊन आत येऊ का, कपाटातली साडी आणि कागद काढायचेत. सासूबाई म्हणाल्या, चौथा दिस होऊ दे. सकाळी न्हाणं, कपाट, धावपळ, ह्यात उशीर झाला आणि माझी गाडी चुकली. ती नोकरी गेली, दुसरी मिळायला पुढे दोन वर्षं लागली. हे मी त्यांना इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं नव्हतं. आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो, ते पाळणं आपोआप बंद झालं, विषय संपला असं मी धरून चालले होते. माशांच्या निमित्ताने तो असा तोंडातून बाहेर पडला.

त्यांनी लसणाची वाटी खाली ठेवली.

"तवा माजी सासू जिती होती गं," त्या म्हणाल्या. "तिच्या म्होरं तुला आत घेतली असती तर तिनं आपल्या दोघींना पडवीत बसवलं असतं. मला तरी कोन इचारत होतं?"

त्यांनी मांडीवरची सालं झटकली.

"तुजी गाडी चुकली ती मला म्हाईत हाय. तू रडलीस ती बी म्हाईत हाय. आता मला इचारनारं कोन नाय घरात. म्हनून म्हटलं, बारा दिस खूप झाले, ह्यांना तरी काढू."

मला राग यायला हवा होता, तो होताही, पण आता तो टाकायला जागा नव्हती. मी वळले आणि टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढायला लागले. ह्यांनी, पहिल्यांदाच, मध्ये पडून बादल्या धरल्या.

चारही मासे ड्राय बाल्कनीत गेले. औषध सुरू. मोठी टाकी रिकामी, शहात्तर दिवस, म्हणजे तिथला प्रत्येक किडा मासा न मिळाल्याने मरेपर्यंत. तिघा नव्यांना पाच दिवसांच्या औषधाचा आणि त्या आंघोळीचा काहीतरी फायदा झाला असावा, ते आठवडाभरात सावरले. थोरलीच्या कल्ल्यांत किडा खोल गेला होता. तिला श्वास पुरेना. पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून राहायची. मी सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाणी तपासायचे, जास्तीचा पंप लावला, खाणं लसणाच्या रसात भिजवून दिलं. सासूबाई काठी टेकत बाल्कनीच्या दारापर्यंत यायच्या, आत यायच्या नाहीत. बोट पुढे करायच्या आणि परत मागे घ्यायच्या.

औषधाच्या पाचव्या दिवशी शाळेतून आले तर ती स्पंजला टेकून आडवी होती. मी तिला ओंजळीत घेतलं. माशासाठी कुणी रडत नाही असं लोकांना वाटतं. मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. हॉलमध्ये जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "राहिलेल्यांचे दिस किती?"

"तीस औषधाचे. आणि मोठी टाकी रिकामी, एकूण शहात्तर."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागितलं. पेन्सिलीने एकेक चौकोन मोजत गेल्या, नव्या वर्षाचं कॅलेंडर अजून लावलं नव्हतं, ते गुंडाळी सोडून त्यातही मोजलं. शेवटच्या चौकोनाला गोल केला. त्यानंतर रोज सकाळी, चहाच्या आधी, एक खूण.

तीस दिवस झाले, औषध संपलं, तिघं ठणठणीत. पण मोठी टाकी तयार नव्हती, म्हणून ते त्याच पीव्हीसीच्या पाईपात. मी रोज बादल्या वाहत होते. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, शाळेत स्नेहसंमेलन, मग सराव परीक्षा. कंबर दुखायची. छोटा क्लाउन आता अंगाने चांगला भरला होता आणि त्या उघड्या काचेच्या खोक्यात दिवसभर एकाच कोपऱ्यात वर-खाली करायचा.

बहात्तराव्या दिवशी रविवार होता. सोमवारपासून मला दहावीच्या परीक्षेचं काम, आठवडाभर वेळ मिळणार नव्हता. मी जाळी आणि बादली घेतली. चार दिवसांनी काय फरक पडतो? अडीच महिने टाकी रिकामी होती, हा आकडाही लोकांनी खबरदारीचा म्हणूनच धरलेला असतो. मी बाल्कनीकडे निघाले तर दारात सासूबाई स्टुलावर बसलेल्या. काठी आडवी, ह्या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत.

"किती झाले?" त्यांनी विचारलं, त्यांना माहीत असून.

"बहात्तर. आई, चालेल आता. मी म्हणतेय ना, चालेल. काढूया."

"नाय."

"माझी जबाबदारी."

"तुज्याकडून चालंल गं," त्या म्हणाल्या. "माज्याकडून नाय चालत. एक दिस बी कमी नाय."

तो आवाज मी ओळखला. उंबऱ्याच्या आतून, चौथा दिस होऊ दे म्हणताना, तो अगदी असाच होता. मला वाटत होतं तो आवाज त्यांच्या सासूबाईंबरोबर गेला. गेलाच होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही न विचारता त्यांनी कुणाला तरी लवकर बाहेर काढलं होतं, आणि त्यावर मी ओरडले होते. तो परत आणला तो मीच.

शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. पाणी बदलायची वेळ झालीच होती, म्हणून मी बादली तिथेच ठेवली आणि लाल दोऱ्याचा मग मागितला. त्यांनी बसल्या जागेवरून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी हात धू."